प्रत्येक मुलामागे एक वडीलधारे माणूस

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या एका जिल्हास्तरीय मेळाव्यात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



माझे काम माहिती पोचविण्याचे आहे. शासनाने काय केले, कोठे केले, कोणासाठी केले, हे लोकांना सांगावे आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांकडे पाठवावीत, हा माझा नित्याचा उद्योग. त्यामुळे बालगृहांतील वह्यावाटपाचे, खाऊवाटपाचे, स्वेटरवाटपाचे अनेक कार्यक्रम मी पाहिले आहेत. या कार्यक्रमांमागील सद्भावनेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु अशाच एका कार्यक्रमात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने मला फार अस्वस्थ केले. आजच्या विषयाचा उगम त्या प्रसंगात आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका बालगृहात वृत्तांकनासाठी गेलो होतो. पाहुणे निघून गेले, मुले पांगली. मी वहीत टिपणे घेत व्हरांड्यात बसलो असता दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. काय लिहिता, कोणासाठी लिहिता, असे प्रश्न त्याने विचारले. अर्धा तास आम्ही बोलत होतो. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "परत कधी येणार?" "पुढच्या महिन्यात येतो," असे मी सहज बोलून गेलो. गेलो तो आठ महिन्यांनी, आणि तोही दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या निमित्ताने. मुलगा तेथे नव्हता. रीतसर आदेशाने त्याला त्याच्या मूळ जिल्ह्यात पाठविण्यात आले होते. अधीक्षक म्हणाले, "साहेब, दोन महिने तो तुमची चौकशी करीत होता. नंतर त्याने विचारणे सोडून दिले. इकडे येणारे सगळेच 'परत येतो' म्हणतात. मुलांना आता ते ठाऊक झाले आहे."

मित्रहो, मी त्या मुलाचे काही हिरावून घेतले नव्हते. तरीही मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, हा धडा मी त्याला दिला होता. मुलाला वही लागते, चप्पल लागते, हे आपल्याला कळते. त्याला एक भरवशाचे मोठे माणूस लागते, ही गरज मात्र कोणत्याही मागणीपत्रकात येत नाही. त्या गरजेविषयी मला आज बोलावयाचे आहे.

ही मुले कोण?

अशी मुले म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे केवळ अनाथ मुले येतात. वस्तुस्थिती तशी नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ही संज्ञा बरीच व्यापक केली आहे. ज्याचे आईवडील आहेत पण त्याचा सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, असे मूलही तीत येते. कायद्याच्या कक्षेत न येणारी, पण याच गरजेची मुले तर आपल्या प्रत्येक गावात आहेत. वडील व्यसनाच्या आहारी गेलेले आणि आई दिवसभर मजुरीवर, अशी मुले आहेत. २०२० आणि २०२१ या वर्षांतील कोरोनाच्या साथीत आई किंवा वडील गमावलेली मुले आता किशोरवयात आली आहेत.

बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे आपण जाणतो. गळीत हंगाम संपेपर्यंत गावात उरतात ते आजी-आजोबा आणि शाळकरी मुले. या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली, ती निश्चितच उपकारक आहे. तेथे जेवणाची व्यवस्था होते. तथापि, "आज शाळेत काय झाले?" असे विचारणारे माणूस त्या काळात शेकडो मैलांवर उसाच्या फडात असते.

मूल उपदेश ऐकून शिकते त्यापेक्षा कितीतरी अधिक ते पाहून शिकते. राग आला असता मोठे माणूस काय करते, पैसे संपले असता ते कोणापुढे कसे बोलते, चूक झाली तर कबूल करते की दुसऱ्यावर ढकलते, बायकोशी आणि शेजाऱ्याशी कसे वागते, हे सारे मूल न्याहाळत असते. ज्या मुलाच्या नजरेसमोर असे एकही धड माणूस नाही, ते मूल कोणाचे तरी अनुकरण करतेच. मग गावच्या नाक्यावर मोटारसायकल उडविणारा आणि खिशात पैसे खुळखुळविणारा तरुण हाच त्याचा आदर्श ठरतो. या मुलाला दोष देण्यापूर्वी आपण त्याच्यासमोर दुसरे कोणते उदाहरण ठेवले होते, हे स्वतःला विचारले पाहिजे.

आपली परंपरा

दुसऱ्याच्या मुलाला मायेने हाताशी धरणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नेहमी एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. भीमरावांची बुद्धिमत्ता आणि त्यांच्या वडिलांचे कष्ट यांचे श्रेय केळुसकरांना देण्याचे कारण नाही. पण बागेतून जाता जाता थांबलेल्या एका शिक्षकाची नोंद इतिहासाने ठेवली आहे, ती उगाच नव्हे. केळुसकर काही त्या मुलाचे वर्गशिक्षक नव्हते. तो मुलगा त्यांच्या शाळेतलाही नव्हता.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यावर त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहू, रांधू आणि जेवू लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने, एवढेच काय, मंगळसूत्रही दिले. हे सर्वांना माहीत आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या मुलांना रोज डोळ्यांपुढे एक आई दिसत होती, आणि ती कोणाची जात विचारीत नव्हती.

त्याआधी आपल्याकडे वार लावून जेवण्याची रीत होती. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे. त्या पद्धतीत लाचारीही होती आणि जातीच्या भिंतीही होत्या, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याची आवश्यकता नाही. परंतु तीत एक गोष्ट घेण्यासारखी होती. ठरलेल्या वारी ठरलेल्या घरात त्या मुलाची वाट पाहिली जाई. अन्नाची सोय आता वसतिगृहे आणि शालेय पोषण आहार यांनी केली आहे. त्या ठरलेल्या वाराची सोय मात्र आपण करावयाची राहिलो आहोत.

अनुभव काय सांगतो?

संघटित स्वरूपात हे कार्य इतर देशांत शतकाहून अधिक काळ चालू आहे. १९०४ साली न्यूयॉर्क येथील बाल न्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचे एक कर्मचारी होते. तीच ती मुले पुन्हापुन्हा न्यायालयात येतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी काही सद्गृहस्थांच्या सभेत आवाहन केले, आणि सुमारे चाळीस जणांनी प्रत्येकी एका मुलाचा मोठा भाऊ होण्याचे मान्य केले. त्यातूनच पुढे 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था वाढली.

या संस्थेच्या कार्याचा एक काटेकोर अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. १० ते १६ वर्षे वयाच्या ९५९ मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला लगेच स्वयंसेवक मित्र मिळाला, दुसऱ्याला थांबावे लागले. दीड वर्षानंतर असे दिसले की, मित्र लाभलेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना प्रथम हात लावण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होते आणि शाळा बुडविण्याचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले होते. या स्वयंसेवकांनी मुलांची शिकवणी घेतली नव्हती. महिन्यातून साधारण तीन वेळा भेटावे, काही तास सोबत काढावेत, एवढेच त्यांनी केले होते.

हवाई बेटांपैकी कावाई येथे एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार किंवा व्यसन अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्तबगार, स्थिर आणि मायाळू माणसे झाली. या मुलांच्या बाबतीत पुन्हापुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे, आईवडिलांचा आधार नसला तरी कोणीतरी एक मोठे माणूस त्यांच्याशी जिव्हाळ्याने जोडलेले होते. कोणाची आजी, कोणाचे शिक्षक, कोणाचे शेजारी.

याच विषयातील एक धोक्याची सूचनाही सांगणे माझे कर्तव्य आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांची मैत्री वर्षभर किंवा अधिक टिकली त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. जी मैत्री तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांचा आत्मविश्वास मात्र पूर्वीपेक्षाही खालावला. अर्धवट सोडलेले हे काम न केलेल्या कामापेक्षा वाईट ठरते. मी हे वाचले तेव्हा व्हरांड्यातील तो मुलगा माझ्यापुढे उभा राहिला.

करावे काय आणि टाळावे काय?

अशा स्वयंसेवकाला काय म्हणावे? मी त्याला 'पालकमित्र' म्हणतो. नाव काहीही असो, त्याच्या कामाची रूपरेषा साधी आहे. एक मूल, एक मोठे माणूस, आठवड्यातून एक ठरलेला तास, आणि निदान एक वर्ष. जमणार नसेल तर आधीच नाही म्हणावे. एखाद्या आठवड्यात येणे अशक्य असेल तर तसे मुलाला अगोदर कळवावे, कारण न कळविता चुकलेली भेट मूल विसरत नाही.

त्या तासात काय करावे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सोबत वर्तमानपत्र वाचावे. सायकलचे पंक्चर काढावे. एस.टी.चे वेळापत्रक कसे पाहावे, बँकेची पावती कशी भरावी, टपाल कार्यालयात काय विचारावे, हे बरोबर नेऊन दाखवावे, अर्थात त्यासाठी आवश्यक ती परवानगी घेऊनच. घरात मोठी माणसे असलेल्या मुलांना या गोष्टी नकळत येतात. संस्थेत वाढलेल्या मुलाला अठराव्या वर्षी बाहेर पडल्यावर पहिली ठेच येथेच लागते. अनुरक्षण गृहांची योजना आहे आणि अठरा वर्षांनंतरच्या मदतीची तरतूद कायद्यात आहे. पण अर्ज कोठे करावा हे सांगणारे ओळखीचे माणूस असेल, तरच ती तरतूद त्या तरुणापर्यंत पोचते.

टाळावयाच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. महागड्या भेटी देऊ नयेत, त्यामुळे इतर मुले दुखावतात आणि मैत्रीचा व्यवहार होतो. मुलाच्या घरची दुःखे खोदून विचारू नयेत, त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा ते सांगेल. आईवडिलांची निंदा करू नये. बाप कितीही व्यसनी असला तरी तो त्या मुलाचा बाप असतो. आणि भेट म्हणजे उपदेशाचे व्याख्यान होऊ देऊ नये.

सुरक्षिततेविषयी

आता एका नाजूक परंतु अत्यंत आवश्यक मुद्द्याकडे वळतो. मुलांजवळ जाऊ इच्छिणारा प्रत्येक माणूस सद्हेतूने येतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. म्हणून सदिच्छेच्या जोडीला शिस्त हवी. स्वयंसेवकाची चारित्र्य पडताळणी झालीच पाहिजे, मग तो गावातील कितीही प्रतिष्ठित माणूस असो. बालगृहातील मुलाची भेट अधीक्षक आणि बालकल्याण समिती यांच्या अनुमतीनेच व्हावी. गावात ती शाळेच्या पटांगणात, वाचनालयात, अंगणवाडीच्या ओट्यावर, म्हणजे चारचौघांच्या नजरेसमोर व्हावी, बंद दाराआड कधीही नव्हे. मुलींसाठी शक्यतो महिला स्वयंसेवक असाव्यात.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. ही गोष्ट मी माझ्या खात्यातील सहकाऱ्यांना विशेषत्वाने सांगतो, कारण छायाचित्राचा मोह आम्हालाच सर्वांत अधिक. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळविणे हाही गुन्हा ठरतो. मुलाने विश्वासाने काही सांगितले तर "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. "तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन," असे म्हणावे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असावा.

ग्रामपंचायत आणि शाळा

सरपंचांनो, गाव पातळीवरील बाल संरक्षण समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे. या समितीची बैठक केवळ इतिवृत्तासाठी होऊ नये. पुढील बैठकीत एकच प्रश्न घ्या : आपल्या गावात असे कोणते मूल आहे की ज्याची विचारपूस करणारे मोठे माणूस नाही? अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि मुख्याध्यापक यांना ही मुले ठाऊक असतात. ती यादी फलकावर लावू नका, तशी ती लावणे म्हणजे त्या मुलांचा अपमान होईल. मग गावातील निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, बचत गटातील भगिनी, सुतारकाम वा वीजदुरुस्ती जाणणारा कारागीर यांच्यातून माणसे निवडा. पदवीधरच हवा असे मुळीच नाही. वेळेवर येणारा आणि शब्द पाळणारा माणूस हवा. आरंभ दोन-तीन मुलांपासूनच करावा. पन्नास मुलांची घोषणा करून पाच जणांना निराश करण्यापेक्षा ते बरे.

शिक्षकांवर आधीच अनेक कामांचा भार आहे, याची मला जाणीव आहे. आपण स्वतः सर्व मुलांचे पालकमित्र व्हावे, असे मी म्हणणार नाही. परंतु वर्गातील कोणते मूल दुपारी घरी जाण्याचे टाळते, कोणाच्या वहीवर महिनोन्‌महिने कोणाची सही होत नाही, हे आपल्याइतके कोणालाही दिसत नाही. ते आपण पाहावे आणि समितीला कळवावे.

आणि अधिकारी बंधूंनो, या कामाचे उद्दिष्ट टक्केवारीत मागवू नका. किती मुलांना पालकमित्र 'पुरविले' याचा तक्ता लगेच भरता येईल. वर्षानंतर त्यांपैकी किती भेटी चालू आहेत, एवढा एकच रकाना त्या तक्त्यात ठेवावा.

समारोप

मी स्वतः काय केले, असे आपण मनात विचारीत असाल तर तो आपला अधिकार आहे. माझे वडील मी सातवीत असताना गेले. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल होते. संध्याकाळी ते मला बाकावर बसवून अग्रलेख मोठ्याने वाचावयास लावीत आणि अडलेला शब्द कोशात शोधायला सांगत. त्यांनी मला कधी एक रुपया दिला नाही. पण एके दिवशी मी गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी "काल कोठे होतास?" असे ते विचारीत. मी कला शाखेचा पदवीधर झालो आणि आज लेखणीवर पोट भरतो, त्याची मुळे त्या बाकावर आहेत. हे ठाऊक असूनही मी त्या मुलाला दिलेला शब्द मोडला, याची खंत मोठी आहे.

ते ऋण त्या मुलाला फेडता आले नाही. अधीक्षकांच्या आणि समितीच्या अनुमतीने मी त्याच बालगृहातील दुसऱ्या एका मुलाला दर रविवारी भेटू लागलो. पहिले तीन महिने तो माझ्याशी धड बोलत नव्हता. मी येतो की नाही, हे तो पाहत होता. तिसऱ्या वर्षी तो दहावीच्या परीक्षेत गणितात नापास झाला. निकालाच्या दिवशी त्याने कार्यालयात दूरध्वनी केला आणि म्हणाला, "सर, नापास झालो. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय." मित्रहो, कोणत्याही गुणवत्ता यादीपेक्षा ते वाक्य मला मोलाचे वाटते. वाईट बातमी सांगावी असे त्याला एक माणूस मिळाले होते. पुरवणी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला आणि आता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकतो आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही, आणि त्याचे छायाचित्रही माझ्या कार्यालयात नाही.

आपण सारे येथून घरी परत जाल तेव्हा वाटेत एखादे मूल शाळेच्या फाटकाशी, पाराखाली किंवा बसस्थानकावर एकटेच बसलेले दिसेल. त्याला काही देण्याची घाई करू नका. आधी स्वतःला विचारा, की पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, मी येथे येऊ शकेन का? उत्तर 'होय' असेल तरच थांबा आणि त्याचे नाव विचारा.